वऱ्हाडचा कापूस आणि शिडाचा मचवा

महोत्सवाच्या स्मरणिकेत ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या परिश्रमांचा आणि शाळा-दवाखान्यांचा वृत्तांत यावा हे योग्यच आहे, व तसा वृत्तांत देणाऱ्या अधिकारी लेखण्या प्रत्येक धर्मग्रामात असतात. आम्ही येथे किंचित आडवाट धरीत आहोत. वाशिम जिल्ह्यापासून समुद्र तीनशे मैलांच्या घरात दूर आहे. येथील पैनगंगा, अडाण, अरुणावती व काटेपूर्णा या नद्या पावसाळ्यात कितीही गर्जोत, माघ उजाडला की त्यांच्या पात्रातून बैलबंडी खुशाल पार होते. तळ्या-धरणांवर मासे धरणाऱ्या भोई बांधवांच्या नावा सोडल्या, तर जलवाहन म्हणून या भूमीत सांगण्यासारखे काही नाही. अशा कोरड्या मुलखाच्या इतिहासात शिडाच्या लहान लाकडी होडीला स्थान आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांस ते प्रथमदर्शनी विनोदाचे वाटेल. तथापि रेलगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा जो कापूस मुंबईस जात असे, त्याचा अखेरचा टप्पा पाण्यावरचा होता, आणि तो टप्पा चार हातांनी हाकलेल्या शिडाच्या होडीनेच पार पडत असे. आमच्या पूर्वजांच्या हिवाळ्यातील कष्टांचे मोल त्या होडीच्या तळाशी ठेवलेले असे, हे ध्यानात घेऊनच पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

वऱ्हाडचा हिवाळा हा विश्रांतीचा काळ नव्हे. नगरवासी लेखकांनी हुरड्याचे, शेकोटीचे व चांदण्यातील गप्पांचे जे गोड वर्णन केलेले असते ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दसरा-दिवाळी उलटली की पऱ्हाटीची बोंडे उमलू लागतात आणि वेचणी सुरू होते. एकदा वेचून भागत नाही. बोंडे एका वेळी फुटत नसल्यामुळे तीन-तीन, चार-चार फेऱ्या कराव्या लागतात. हे काम मुख्यत्वे स्त्रियांचे. पहाटे दव असते, बोटे थंडीने बधिर झालेली असतात, वाळलेल्या बोंडाची टोके कातडीत रुततात, आणि ओटीतला कापूस दवाने जड झाला तर तो पसरून वाळविल्यावाचून घरात रचता येत नाही. त्याच दिवसांत ज्वारी निसवते, हरभरा घाट्यावर येतो, पाखरांपासून व रानडुकरांपासून राखण करावी लागते. माळ्यावर घोंगडी पांघरून रात्रभर जागल करणारा पुरुष आणि पहाटे शेताकडे निघालेली स्त्री यांची गाठ कित्येकदा धुऱ्यावरच पडे. लहान मुलेही रिकामी नसत. कामातून सुटली की ती ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून गाड्या करीत व ओढ्यात जे पाणी उरले असेल त्यात एखादा धांडा सोडून त्याच्यामागे धावत. कोकणातील मूल हेच खेळणे करताना त्यावर पानाचे शीड उभारते. वऱ्हाडातील मूल चाके लावते. जो तो आपल्या बापाचा धंदा खेळतो, याहून अधिक अर्थ आम्ही यात पाहत नाही.

वेचलेला कापूस घरोघरी हातरेच्यावर घालून सरकी काढीत. संध्याकाळी त्या लाकडी लाटांची कुरकुर सुरू झाली की ती रात्री उशिरापर्यंत चाले. यंत्रांचे जिनिंग कारखाने पुढे आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्व काही मनुष्यबळावर होते. निघालेली रुई पोत्यांत दाबून भरली की ती बाजाराच्या गावी जाई, आणि आपल्या भागातला असा मोठा बाजार म्हणजे कारंजे. या गावाची श्रीमंती जुनी आहे. १६७० सालच्या अखेरीस मराठ्यांच्या फौजेने ते लुटले, यावरूनच त्याच्या पेठेचा लौकिक किती दूर गेला होता हे दिसते. वाशिम नगर तर त्याहून पुरातन. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, आणि अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणेही येथेच होते. पण राजधान्या येतात व जातात. कापूस मात्र दर हिवाळ्यास येतच राहिला.

तो जाई कोठे? बराचसा येथील कोष्ट्यांच्या मागावरच खपे. जो बाहेर जाई त्याची जुनी दिशा पश्चिमेची नसून ईशान्येची होती: बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल चालून गंगाकाठच्या मिर्झापुरास, व तेथून नावांनी कलकत्त्यास. मुंबईचा रस्ता वऱ्हाडी कापसास प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखविला तो विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांच्या पेढीने, १८२५-२६ च्या सुमारास. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होते, वाटेवर जागोजागी जकाती होत्या, चोर-पेंढाऱ्यांची आठवण ताजी होती, आणि बंडी चालेल असा पक्का रस्ता जवळजवळ नव्हता. अशा स्थितीत लमाणांच्या बैलांवर कापूस लादून तो घाटाखाली पाठविणे हे धाडसच म्हटले पाहिजे. या पेढीने पुढे निजाम सरकारास फार मोठी कर्जे दिली, त्यांच्या तारणापोटी वऱ्हाडचा वसूल हाती घेतला, आणि १८४० नंतरच्या दशकात तो वसूल हातचा जाऊन ती बुडाली. कापसाने ती वर आली व सरकारी कर्जाने खाली गेली. राजदरबारास उसने देणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी, असो.

लमाणांच्या तांड्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे आज ज्या बंजारा समाजाचे पवित्र स्थान आहे, त्या समाजानेच शतकानुशतके या देशाची मालवाहतूक केली. लादलेला बैल दिवसाकाठी आठ-दहा मैलांहून अधिक चालत नाही. चालला तर टिकत नाही. त्या हिशेबाने आपल्या भागातून कोकणात उतरण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. एक वाट त्या काळचे औरंगाबाद व अहमदनगर यांवरून घाट उतरून पनवेलीस जाई, दुसरी खानदेशातून थळघाटाने भिवंडी-कल्याणच्या खाडीकडे. हिवाळ्यात वाटा कोरड्या असत, ओढ्यांना पाणी असे, कुरणात चारा असे. म्हणून माल निघे तो हिवाळ्यातच. फाल्गुन-चैत्रात पाणी व चारा दोन्ही तुटत आणि वाटेवर बैल मरत. परतताना हे तांडे मीठ आणीत. कोकणच्या मिठागरांतील ते मीठ वऱ्हाडात येऊन आपल्या आजी-पणजीच्या ठेच्यात पडे. म्हणजे दर्याचा व आपल्या चुलीचा संबंध दोहों बाजूंनी होता: इकडून रुई जाई, तिकडून मीठ येई.

आता पनवेलीच्या धक्क्यावर येऊ. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यापासून पनवेल हे घाटावरील मालाचे मोठेच द्वार बनले. परंतु पनवेलपुढे जमीन संपते व खाडी लागते. मुंबई हे बेट. त्याच्या व मुख्य भूमीच्या मध्ये बंदराचे विस्तीर्ण पाणी. पनवेलीपासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत वीसएक मैलांचे हे अंतर ज्या वाहनांनी तोडले जाई त्यांत पडाव होते, लहान शिबाडे होती, आणि सर्वांत चपळ असे मचवे होते.

मचवा म्हणजे काय हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेले नसेल. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तळाचा जो मुख्य वासा, ज्यास खलाशी पठाण म्हणतात, तो सागाचा. त्यावर दोहों बाजूंस फासळ्यांसारखी वाकडी लाकडे बसवीत. त्यांस बाभूळ उत्तम, कारण तिचे वाकण नैसर्गिक असते व तंतू चिवट असतात. ज्या झाडाच्या लाकडाने वऱ्हाडी शेतकरी नांगर व बंडीची चाके करतो, त्याच झाडाने कोकणातील सुतार होडीच्या बरगड्या करतो, हे वाचून आमच्या कुणब्यांस कौतुक वाटेल. फासळ्यांवर सागाच्या फळ्या एकमेकींस भिडवून ठोकीत. कितीही कुशल सुतार असला तरी दोन फळ्यांत केसाएवढी फट राहतेच, आणि समुद्रास केसाएवढी फट पुरे असते. ती फट बुजविण्यास काय वापरीत? कापूस. राळ व तेल यांत भिजविलेली कापसाची वात फळ्यांच्या सांध्यात ठासून बसविली की लाकूड पाण्याने फुगते, वात आवळली जाते आणि सांधा बंद होतो. म्हणजे कापूस होडीत बसून तर जाईच, पण होडी बुडू देत नसे तोही कापूसच. आणि वर वारा धरीत असे ते शीडही जाड दोसुतीचे, म्हणजे पुन्हा कापसाचेच.

या होडीची नाळ लांब व पुढे झुकलेली असे. डोलकाठीही सरळ उभी नसून पुढे कललेली असे. तिच्यावर एक लांब परमाण तिरके टांगून त्यास तीनकोनी म्हणावे असे एकच मोठे शीड बांधीत. परमाणाचे पुढचे टोक नाळेजवळ खाली व मागचे टोक आभाळात उंच, त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास पक्ष्याने एक पंख उचलल्याचा भास होतो. शिडाचा मोकळा कोपरा ज्या दोरीने आवरतात तिला दामण म्हणतात. ही दोरी तांडेलाच्या हाती, सुकाणू त्याच्या बगलेत. उरलेले दोन-तीन खलाशी परमाण फिरविण्यास, पाणी उपसण्यास व वारा पडला तर वल्ही मारण्यास. तळाचा वासा मध्यभागी किंचित वर उचललेला ठेवीत, त्यामुळे होडी अल्प जागेत वळे. मुंबई बंदराच्या गर्दीत व खाडीच्या नागमोडी पात्रात हा गुण लाखमोलाचा होता. जॉन एडाय नामक इंग्रज नौकाशिल्प्याने १८३४ साली हिंदी किनाऱ्यावरील होड्यांवर निबंध लिहिला, त्यात फत्तेमाऱ्यांच्या अशाच वाकाची दखल घेतली आहे. पुढे १९२० साली जेम्स हॉर्नेल याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसाठी हिंदी होड्यांच्या घडणीवर विस्तृत ग्रंथ रचला. आपल्याकडच्या विद्वानांनी किल्ल्यांचा दगड न दगड मोजला, परंतु किल्ल्याखाली नांगरलेल्या होडीची फळी मोजण्यास बाहेरून माणूस यावा लागला, ही खंत येथे नमूद करून ठेवतो.

पलीकडे जाण्याची रीत अशी. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्यास मतलई म्हणतात. दुपार कलली की तापलेल्या भूमीकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो. पनवेलीची खाडी उथळ, तेव्हा धक्क्याशी होडी लागे व भरली जाई ती भरतीच्या पाण्यावर. उधाणाच्या दिवसांत मोठा पडावही वरपर्यंत येई, भांगाच्या दिवसांत मात्र लहान मचव्यांचीच चलती. भरलेली होडी ओहोटी लागताच सुटे. पहाटेची ओहोटी व मतलई एकत्र साधली तर पाणी व वारा दोघेही एकाच दिशेस ढकलीत आणि दुपारच्या आत मुंबई दिसे. परतीस संध्याकाळचा खारा वारा. ज्या कापसाने जमिनीवर महिना काढला तो एका ओहोटीत बंदर ओलांडी. ओहोटी चुकली तर होडी चिखलात रुतून सहा तास उभी. वारा पडला तर वल्ही. म्हणून तांडेलास तिथी पाठ असत. शेतकऱ्याचे पंचांग नक्षत्रावर चाले, खलाशाचे चंद्रावर.

या लहान होडीवरचे किनाऱ्यावरील लोकांचे प्रेम हा केवळ पोटाचा व्यवहार नव्हता. कोळी, भंडारी, खारवी, आणि वसई, उत्तन, मनोरी, गोराई या बाजूचे आपले कॅथलिक बांधव या सर्वांत होडीचे वेड सारखेच. होडी घरातील माणसाप्रमाणे वाढते: लाकूड निवडण्यास म्हातारे जातात, पठाण ठेवण्याचा दिवस साजरा होतो, नाळेवर नाव रंगविले जाते. कॅथलिक घरची असेल तर त्या नावात बहुधा संताचे वा पवित्र मातेचे स्मरण असते, नाळेवर क्रूस असतो, आणि पावसाळा संपून मासेमारी सुरू होण्यापूर्वी धर्मगुरू होड्यांस आशीर्वाद देतात. नारळी पौर्णिमेस हिंदू कोळी दर्यास नारळ अर्पण करतो. भावना निराळ्या भाषेत बोलते एवढेच. शिडांच्या काळी परतीच्या होड्यांची चढाओढ रोजचीच. आधी धक्क्यास लागेल त्याच्या मासळीस अधिक भाव, म्हणून वेग हा धंद्याचा प्राण. परंतु जेथे भावाचा प्रश्न नसे तेथेही दोन होड्या शेजारी आल्या की दामणी आवळल्या जात, हे त्या लोकांचा स्वभाव जाणणारा कोणीही सांगेल. आपल्याकडे शंकरपटात खोंड पळविणाऱ्यास पळणाऱ्या पैशाचा हिशेब कोणी विचारीत नाही, तसेच हे.

पण या रम्य चित्राची दुसरी बाजू वऱ्हाडच्या शेतकऱ्यास भोगावी लागे. महिनाभर बैलाच्या पाठीवर, धुळीत, वाटेतील मुक्कामांत जमिनीवर टाकलेला, दवात भिजलेला, पुढे होडीच्या तळच्या ओलाव्यात ठेवलेला कापूस मुंबईस पोहोचे तो मूळच्या रंगाचा राहत नसे. त्यात वजन वाढविण्यासाठी दलाल पाणी शिंपडीत व माती-सरकी मिसळीत. दोष हिंदुस्थानच्या कापसास लागे, आणि भाव तुटे तो वेचणाऱ्या बाईच्या मजुरीत. हा लबाडीचा प्रकार इतका वाढला की मुंबई सरकारास १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या मते खलाशाकडे या पापाचा वाटा सर्वांत लहान होता; त्याच्या ताब्यात माल एक दिवस असे, इतरांच्या ताब्यात एक ऋतू.

मुंबईस हा माल प्रथम किल्ल्यातील सेंट थॉमस मंदिरासमोरील मोकळ्या मैदानात उतरून रचला जाई. गर्दी व आगीचे भय वाढल्यावर १८४४ साली तो बाजार कुलाब्यास हलविण्यात आला, आणि मचव्यांची रांग त्या बाजूच्या धक्क्यांस लागू लागली. चढउतारूंचे हाल पाहून भाऊ अजिंक्य यांनी शतकाच्या मध्यास जो धक्का बांधला, त्याचे नाव भाऊचा धक्का म्हणून आजही मुंबईकरांच्या तोंडी आहे.

पुढे १८५३ हे वर्ष आले, आणि त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि खंडीचे भाव असे चढले की वऱ्हाडात लोकांनी ज्वारीची रानेही पऱ्हाटीखाली आणली. खंडी म्हणजे मुंबईच्या कापूसबाजारात ७८४ रत्तल. या तेजीच्या काळात पनवेलीच्या खाडीने आपले शेवटचे वैभव पाहिले. बोरघाटाची लोहमार्गाची चढण १८६३ साली व थळघाटाची १८६५ साली पुरी झाली. १८६५ सालीच युद्ध संपून मुंबईचा सट्टाबाजार कोसळला. आणि १८६७ साली वऱ्हाडातून लोहमार्ग नागपुरास पोहोचला. खामगावच्या शाखेच्या उद्घाटनास १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आले. वऱ्हाडचा कापूस आता डब्यात बसून थेट मुंबईत उतरू लागला. ना तांडा उरला, ना ओहोटीची वाट पाहणे.

लोहमार्गाने कापसाचे भले केले यात संशय नाही; धूळ, पाणी व चोरी तिन्ही कमी झाली. परंतु तो ज्या गावांवरून गेला नाही त्यांचे काय झाले याचा हिशेब कोणी लिहीत नाही. मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या उत्तरेच्या सपाटीवरून गेला. कारंज्याची जुनी पेठ एका बाजूस पडली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी आली तेव्हा तिला पुन्हा थोडा श्वास मिळाला. वाशिमचा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यास जोडला गेला. तो पुन्हा मिळाला १ जुलै १९९८ रोजी. घाटाखाली पनवेलचेही असेच झाले. जो बैल रिकामा झाला त्याचा धनी शेतमजूर झाला, जो मचवा रिकामा झाला तो विटा, रेती, गवत, मीठ व लाकूड वाहू लागला. बंजाऱ्यांवर तर याहून वाईट दिवस आले. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींस जन्मजात गुन्हेगार ठरविणारा जो कायदा केला, त्याचा जाच फिरत्या जमातींपैकी पुष्कळांस सोसावा लागला.

मचवा मात्र लगेच मेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बंदरात व उत्तर कोकणच्या खाड्यांत शिडे दिसत होती. १९५० नंतर मासेमारीच्या होड्यांत यंत्रे बसू लागली. यंत्र बसले की नाळेचा झोक, काठीचा कल, तळाचा वाक यांचे प्रयोजन उरत नाही; पुढील पिढीच्या होड्या त्यामुळे अधिक रुंद व बोजड झाल्या. मागाहून काचतंतूच्या होड्या आल्या, त्यांस सागही नको व बाभूळही नको. फळीच्या सांध्यात कापसाची वात ठोकणारा कारागीर आता लाकडी होड्या जेथे अजून बांधल्या वा दुरुस्त केल्या जातात तेथेच आढळतो. इकडे आपल्या जिल्ह्यातही शेते पालटली आहेत: सोयाबीनने पऱ्हाटीची पुष्कळ जागा घेतली आहे, आणि सोयाबीन दिवाळीच्या आगेमागेच घरात येत असल्याने हिवाळ्याचा जुना रेटा तुरीवर, हरभऱ्यावर व उरलेल्या कापसावर आला आहे. जेथे पऱ्हाटी आहे तेथे पहाटेच्या दवात वेचणी करणाऱ्या बाया आजही दिसतात. त्यांची बोटे तशीच बधिर होतात.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले शिक्षणासाठी वा चाकरीसाठी मुंबईकडे आहेत त्यांनी कधी उत्तन-वसईच्या किनाऱ्यावर सवडीने जावे. वाळूत ओढून ठेवलेली जुनी लाकडी होडी दिसलीच, तर तिच्या फळ्यांच्या सांध्यात नखाने हलकेच खरवडून पाहावे. राळेखाली पांढरा तंतू निघेल.